खराट्याची काडी

काडी ओळीच्या टोकाला पोचली होती आणि मिनलच्या तोंडी गोष्टीतल्या कासवाची मान अजून आतच होती. खराट्याची काडी—आईने, सुचेतानेच ओढून, बोटभर तोडून दिलेली, वाचताना ओळ सुटू नये म्हणून. आता ती चित्रातल्या तळ्यावरून चालली होती आणि आवाज मात्र न अडखळता, स्वल्पविरामाला थांबत, प्रश्नाला वर चढत... हुबेहूब माझाच आवाज, सुचेताला वाटलं, कालचा, चौथ्यांदा वाचून दाखवतानाचा.

तळमजल्यावरचे विठूकाका खुर्चीत पुढे झुकून ऐकत होते. हे दहावं, शेवटचं पुस्तक. गेल्या वर्षी सव्वीस जुलैच्या पाण्यात शाळेची सगळी पुस्तकं गेली, म्हणून बाईंनी मुलांना गुलाबी कार्डं दिली होती: एकेका शेजाऱ्याला एकेक पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचं, त्याने सही करायची आणि नव्या वाचनालयासाठी जमेल ते द्यायचं. महिनाभर गोडदेवची सगळी वस्ती ऐकत होती—इस्त्रीवाला, पिठाच्या गिरणीवाला. जिना चढताना कुठल्या ना कुठल्या दाराआडून एखादं पोर वाचत असायचं. आणि उद्या, सोमवारी, शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर, कार्ड पुरं केलेल्या मुलांनी बाई हातात देतील ते पुस्तक वाचायचं. कुणी न पाहिलेलं. नवं.

कळलं होतं पहिल्याच घरी. समोरच्या नीलमबेनकडे मिनल पान उलटायचं विसरली आणि पुढच्या पानावरचं बोलतच राहिली. नीलमबेनना मराठी वाचता येत नव्हतं. "कितना फास्ट पढ़ती है आपकी बेबी! हमारा रोशन तो अटक-अटक के," त्या म्हणाल्या, आणि सुचेता—मराठी घेऊन बी.ए. झालेली सुचेता—हसली. हसलीच. त्याच संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्यांमधून तिने दुसरं पुस्तक चारदा वाचून दाखवलं, मग तिसरं... शिकवत नव्हते मी, पाठ करून घेत होते. पण पाठ करण्याचंच तर कौतुक होतं ना घरात? दोन वर्षांची असल्यापासून मिनल पाहुण्यांपुढे हात जोडून श्लोक म्हणायची. मग पाढे, कविता, धडेच्या धडे. "आमच्या मुलीने एकदा ऐकलं की बस," उत्तम सगळ्यांना सांगायचा. तिसरी अर्धी सरली. वहीतली अक्षरं फळ्यावरून उतरवलेली, नक्षी उतरवावी तशी सुबक—आणि मी, दिवसभर तिच्यावर डोळा ठेवून असलेली मी, कुठे बघत होते?

"शाबास," विठूकाका म्हणाले. मग त्यांनी पुस्तक हळूच आपल्याकडे ओढलं, दोन पानं मागे गेले आणि जाड नखाचं बोट एका शब्दावर ठेवलं. "हे काय गो?"

मिनलने शब्दाकडे पाहिलंच नाही. आईकडे पाहिलं.

पाणी. एवढंच तर होतं. सुचेताचे ओठ हललेही असतील.

"दमलीय ती," ती म्हणाली. "सकाळपासून वाचतेय."

"असू दे." काकांनी बोट उचललं. "मला पण नाय येत."

मिनल टक लावून बघत राहिली. "पण तुम्ही तर पेपर घेऊन बसता."

"हापिसात प्यून होतो तवापासून. पाकिटाच्या रंगावरून टपाल वाटायचो. जेवणाच्या सुट्टीत पेपर धरायचो तोंडासमोर."

"उलटा धरला तर?"

"आधी फोटो बघायचा. माणसाचं डोकं वर आलं का बरोबर."

मिनल खुदकन हसली. काकाही. एकाच वर्गातली दोन पोरं मागच्या बाकावर हसावीत तशी... या महिन्यात मिनल अशी हसली नव्हती.

त्यांनी सही केली. केली म्हणजे काढली, जीभ दातांत धरून. कार्ड परत देताना आवाज खाली आणला. "घाबरू नको बाय. चाळीस वर्सं काढली मी. कोणाला कळलं नाय."

धीर द्यायलाच म्हणाले ते. चाळीस वर्षं—जिना चढताना सुचेता तेवढंच ऐकत राहिली, आणि पुढे मिनल दोन-दोन पायऱ्या उडी मारत चालली होती.

"दहापैकी दहा! उद्या रजा टाकतो," उत्तम म्हणाला आणि कार्ड घेऊन नीलमबेनना दाखवायला गेलासुद्धा. सुचेताने दप्तरातून शाळेचं कॅलेंडर काढलं, मागचं, पालकांच्या चिठ्ठ्यांचं पान उघडलं. सकाळपासून ठरवून ठेवलं होतं तिने. बाईंस सप्रेम नमस्कार. माझी मुलगी मिनल हिला—

ताप. दोन अक्षरं. लिहिलं की उद्याचा हॉल टळत होता. आणि परवा? पेन तिथेच टेकलं होतं, शाईचा ठिपका मोठा होत होता. हिला वाचता... नाही, तेही हातातून उतरत नव्हतं.

मिनल येऊन तिच्या दंडाला टेकली. "काय लिहिलंस?"

"बाईंना चिठ्ठी."

"वाचून दाखव ना."

सुचेताने मान वळवली. मिनलची नजर कागदावर नव्हतीच. ती आईच्या ओठांकडे बघत होती, नेहमीसारखी, शांतपणे, पूर्ण विश्वासाने... आणि सुचेताला वाटलं, आता मी जे म्हणेन, तेच तिथे लिहिलेलं असेल.