भुरळ मी घातली नव्हती

मी एक जुनी घुंगुरकाठी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, माझ्यात जादूबिदू काही नाही. वेळूचा तुकडा आणि वर तीन घुंगरं. टाकव्याच्या अंबाजीआबांनी मला गुरं वळायला केली. दहा वर्षं इमानानं वाजले. आबा म्हणायचे, "लय गुणाची काठी." बस, एवढंच माझं काम.

मग साठ-एकसष्ट साली आबांचा नातू गेणू गुरांमागं जायला लागला, आणि माझं वाटोळं झालं.

माळावर पोरं राजा-मांत्रिक खेळायची. कोणी राजा, कोणी चोर, आणि काठी ज्याच्या हातात तो मांत्रिक. त्यानं डोक्याला काठी टेकवून घुंगरं वाजवली की भुरळ पडली. मग तो सांगेल ते करायचं. नाही म्हटलं की खेळातून कायमचं बाद. मांत्रिक दर वेळी गेणूच. काठी त्याच्या घरची ना!

सुरुवातीला गंमत होती. सोपान बेडकासारखा उड्या मारायचा, हौशीराम शेळीचे पाय धरून माफी मागायचा. मीही खुशीत वाजायचे, खोटं कशाला बोलू?

कोंडू वरच्या वाडीतला. किती विनवण्या केल्यावर त्याला नुकतं खेळात घेतलं होतं. त्या आठवड्यात त्याला जांभळीवर मोठं मोहळ दिसलं. आमच्याकडं रीत अशी, की मोहळ ज्याला आधी दिसेल त्यानं बुंध्याला वेल बांधायची. वेल दिसली की दुसरा कोणी हात लावत नाही. कोंडूची आई पुतळाबाई तो मध लोणावळ्याच्या बाजारात देऊन तांदूळ आणणार होती.

गेणूनं मला कोंडूच्या डोक्यावर टेकवलं. "भुरळ पडली. जा, वेल सोड."

"गेणू, दुसरं कायबी सांग की."

"भुरळीत बोलत न्हाईत. बाद व्हायचंय का?"

कोंडूनं सगळ्यांकडं पाहिलं. सगळे दुसरीकडं बघायला लागले. त्यानं वेल सोडली. दुसऱ्या दिवशी मध गेणूच्या घरात.

पुतळाबाई तरातरा आली. आबा अंगणातच होते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. गेणू म्हणाला, "म्या कुटं सोडली? त्यानंच सोडली. काठीची भुरळ पडलती त्याला."

काठीची! असा संताप आला, पण मला तोंड कुठंय?

पुतळाबाईनं मला खुंटीवरून काढलं, गेणूच्या डोक्यावर टेकवलं आणि खणखण वाजवलं. "आता मद आन माघारी."

गेणू जागचा हलला नाही.

"बगा आबा, हिचं काय चालत न्हाई. मग माझ्या पोरावर कसं चाललं?"

आबा उठले, मधाचं गाडगं आणून तिच्यापुढं ठेवलं. निम्मं संपलं होतं.

कोंडू परत खेळायला आला नाही. पोरांनी हाका मारल्या, तरी नाही.

आता मी वळचणीला पडून आहे. मित्रांनो, खुशाल खेळा, मांत्रिकही व्हा. पण भुरळ पडलेला "दुसरं कायबी सांग की" म्हणाला, की तिथंच घुंगरं मुठीत दाबून धरा. ते मला जमत नाही. मला हात नाहीत, तुम्हाला आहेत.