पाच मिनिटे पुढे

"काका, दार जरा जोरात ओढा. हळू लावलं की त्याचा अपमान होतो, मध्येच उघडतं."

घड्याळजींनी दार आपटून लावले, हातातली रिकामी कापडी पिशवी मांडीवर सारखी केली आणि फर्मान सोडावे तसे सांगितले, "मोठं स्टेशन. चार पस्तीसची गाडी आहे."

"तुम्हाला जायचंय?"

"नाही. जाणारीला भेटायचंय."

टॅक्सीवाल्या बाईंनी आरशातून त्यांना एकदा नीट न्याहाळले. पन्नाशी ओलांडलेल्या, आवाजाने ठसठशीत. "विमानतळावरून मोठं स्टेशन म्हणजे शहराचं शेपूट सोडून तोंड गाठायचं. रस्ता मोकळा असला तर पाऊण तास. आणि रस्ता मोकळा मी आयुष्यात एकदाच बघितलाय, माझ्या लग्नाच्या दिवशी. तेव्हा मात्र कुणीतरी आडवं यायला हवं होतं."

एरवी घड्याळजी हसले असते. आज हसू ओठांपर्यंत आले आणि तिथूनच परतले. विमान पन्नास मिनिटे उशिरा उतरले होते.

त्यांना घड्याळजी हे नाव स्टेशनाने दिले होते. छत्तीस वर्षे त्या स्टेशनाच्या सतरा घड्याळांना त्यांनी चावी दिली, तेल दिले, धूळ झाडली आणि आजारी पडली तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसून बरे केले. सेवानिवृत्तीनंतर ते लेकीकडे, दूरच्या शहरात राहायला गेले, त्याला आता बारा वर्षे झाली होती. आणि आज, ज्याने लाखो माणसांना वेळ दाखवली, त्याच्या मनगटावर घड्याळ नव्हते. निघताना विमानतळावरच्या तपासणीत ट्रेमध्ये काढून ठेवले, ते ट्रेमध्येच राहिले. चाळीस वर्षांच्या पट्ट्याखालची कातडी पांढरीफटक उघडी पडली होती. बटणांच्या जुन्या फोनला बंद करून चालू केले की वेळ बारापासून मोजायची खोड होती. राहता राहिले दुसऱ्याला विचारणे. पण घड्याळवाल्याने वेळ विचारायची म्हणजे आचाऱ्याने शेजारी जेवायला जाण्यासारखे. त्यांनी टॅक्सीच्या समोरच्या पट्टीवरचे घड्याळ पाहिले. त्यात सव्वानऊ वाजले होते.

"ते बंद आहे," बाई म्हणाल्या. "सात वर्षं झाली. फोन कप्प्यात कुलूपबंद. गाडी चालवताना मी रस्त्याशिवाय कुणाकडे बघत नाही. कोण जाणार आहे गाडीनं?"

"थोरली बहीण. मुलगा घेऊन चाललाय तिला स्वतःकडे. दोन दिवसांचा प्रवास. गाडी इथं इंजिन बदलायला पंचवीस मिनिटं थांबते. तेवढ्यात भेटायचं."

"म्हणजे पंचवीस मिनिटांसाठी विमानानं आलात?"

"तिचं वय शहाऐंशी आहे," घड्याळजी म्हणाले. एवढे उत्तर पुरेसे असते, हे बाईंना समजत होते. त्यांनी गाडी दुसऱ्या रांगेत घातली.

आईमागे आक्कानेच त्यांना वाढवले. तिच्या घरी पोचायला त्यांना नेहमी उशीर व्हायचा. कधी मिनिटकाटा वाकलेला, कधी गजर अडकलेला. काहीतरी निमित्त असायचेच. आक्का दारात उभी राहायची. तोंडाने एक शब्द नाही, नुसती उजव्या हाताची दोन बोटे डाव्या मनगटावर टकटक आपटायची. मग हसायची आणि म्हणायची, "ये. जगाला वेळ दाखवतोस, बहिणीला मेला उशीर." हा त्या दोघांचा रामराम होता. फक्त एकदा तसे झाले नाही. आक्काचे यजमान गेले, त्या दिवशी मनोऱ्यावरच्या मोठ्या घड्याळाची यंत्रणा उघडून फरशीवर मांडलेली होती. ती तशीच टाकून जाणे घड्याळजींना जमले नाही. ते दुसऱ्या दिवशी पोचले. आक्काने दारात उभे राहून मनगटावर दोन बोटे आपटली आणि आत निघून गेली. हसली नाही. त्यानंतर चौदा वर्षे ती त्यांच्याशी नीट बोलली, वागली, खाऊपिऊ घातले. पण मनगटावर बोटे पुन्हा कधी आपटली नाहीत. रागावलेले माणूस समजावता येते. ज्याने रागावणेच सोडले, त्याचे काय करावे?

सिग्नलला टॅक्सी तिसऱ्यांदा थांबली. रस्ता खोदला होता आणि खोदणारे चहाला गेले होते. फोन वाजला. भाचा होता.

"मामा, कुठे आहात? गाडी लागलीय."

"आलोच. आक्काला दे."

पलीकडे कुजबूज झाली. "ती म्हणते, फोनवर काही बोलायचं नाही. यायचं असेल तर समोर ये म्हणावं."

"खिडकीशी बसव तिला," घड्याळजी म्हणाले.

"ती केव्हाची खिडकीशीच बसलीय, मामा."

नदीवरच्या पुलावर टॅक्सी चढली आणि इमारतींच्या फटीतून मनोरा दिसला. घड्याळजी सीटवर पुढे सरकले. आपल्या हातांनी वाढवलेले लेकरू बारा वर्षांनी गर्दीत दिसावे, तसे त्यांना झाले. तबकडी नवी, काटे नवे, पण जागा तीच. चार वाजून तेवीस.

"तेवीस झाले, काका. धरून बसा."

"घाबरू नका. चार अठरा झालेत." त्यांचा आवाज एकाएकी भरदार झाला. "बाहेरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं. मीच ठेवायचो. आतली सोळा घड्याळं बिनचूक, आणि रस्त्याकडचं हे एक पाच मिनिटं पुढे. रुजू झालो त्याच दिवशी स्टेशनमास्तरांनी कानात सांगितलं होतं. कागदावर कधी लिहिलं नाही. धापा टाकत येणाऱ्याच्या पदरात पाच मिनिटं टाकायची आणि त्याला कळूसुद्धा द्यायचं नाही. छत्तीस वर्षं मी ते कुणापाशी बोललो नाही."

बाई मोठ्याने हसल्या. "अहो काका, ते सगळ्या शहराला ठाऊक आहे! आमचे वडील म्हणायचे, स्टेशनचं घड्याळ पाच मिनिटं पुढं आहे, चहा पिऊन जाऊ. चहा पिता पिता आमच्या दोन गाड्या चुकल्यात."

छत्तीस वर्षे प्राणापलीकडे जपलेले गुपित लोकांनी चहात बुडवून खाल्ले होते. पण दुखावलेला अभिमान माणसाला शहाणा करत नाही, हट्टी करतो. टॅक्सी स्टेशनासमोरच्या चौकात शिरली तेव्हा घड्याळात चार सत्तावीस झाले होते. म्हणजे बावीस. पदरात तेरा मिनिटे.

"इथं थांबवा. समोर फळवाला आहे."

"काका, आधी माणूस गाठा. फळं पळून जात नाहीत."

"आक्काकडे रिकाम्या हातानं मी कधी गेलो नाही. आणि बाई, त्या घड्याळाचं मला सांगू नका. ते माझं घड्याळ आहे."

बाईंनी खांदे उडवले आणि टॅक्सी कडेला घेतली. "ज्यानं चावी दिली त्याच्यापुढं मी काय बोलणार? जा. मी इथंच आहे."

फळवाला म्हातारा होता आणि संत्री रचण्यात रमलेला होता. घड्याळजींनीही एकेक संत्रे हातात घेऊन वजन जोखले, साल दाबून पाहिली. आक्काला पातळ सालीची लागत. आठ निवडून कापडी पिशवीत भरली. नववे हातात होते, तेवढ्यात दुकानातल्या रेडिओवर बातम्यांआधीचे ठोके सुरू झाले.

टुक. टुक. टुक. टुक. टुक. आणि लांबलेला सहावा.

"चार वाजून तीस मिनिटं झाली आहेत," निवेदिका म्हणाली.

छत्तीस वर्षे त्यांनी घड्याळे लावली ती याच सहा ठोक्यांवर. त्यांची मान आपोआप मनोऱ्याकडे वळली. मोठा काटा सहावर होता. ना पुढे, ना मागे. सहावर.

घड्याळ बरोबर होते.

कुणीतरी ते बरोबर केले होते. आता घड्याळांना चावी लागत नव्हती. कुठल्यातरी एका खोलीतून तारेने सगळ्यांना एकच वेळ जात होती, आणि त्या तारेला कुणी कानात काही सांगितलेले नव्हते. पाच मिनिटे, जी त्यांनी जन्मभर अनोळखी माणसांना वाटली, ती आज स्वतःला हवी होती तेव्हा शिल्लक नव्हती. हातातले संत्रे ढिगावर ठेवून, खिशात आली ती नोट फळवाल्यापुढे टाकून चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस पळत सुटला.

"अहो, सुटे!" फळवाला ओरडला.

"काका, डावीकडून! डावीकडे जिना आहे!" टॅक्सीतून बाई ओरडल्या. तो जिना त्यांना बाई शाळेत जाऊ लागण्याआधीपासून माहीत होता.

बेचाळीस पायऱ्या. याच पायऱ्या ते खांद्यावर शिडी घेऊन चढत. आज निम्म्यावर गुडघ्यांनी असहकार पुकारला. लोक वाट देत होते, काही देत नव्हते. रुळांवरच्या पुलावरून जाताना आतले पहिले घड्याळ दिसले, चार तेहतीस. पलीकडच्या पायऱ्यांवर पिशवीचा एक बंद तुटला. त्यांनी ती छातीशी धरली. फलाटावर पाय टेकला तेव्हा शिट्टी झाली.

ते गाडीच्या पुढच्या अंगाला उतरले होते. डबा मागे, बराच मागे होता. दहा पावले टाकली आणि पाय थांबले. खांबाला धरून ते उभे राहिले. मनातून त्यांनी हार मानली होती. पण गाडी त्यांच्याच दिशेने सुटत होती. जी खिडकी त्यांना गाठता आली नसती, ती हळूहळू त्यांच्याकडे येऊ लागली.

आधी दार आले. दारात भाचा, अर्धा बाहेर झुकलेला. "मामा! मामा, इकडे!"

घड्याळजींनी पिशवी पुढे केली. भाच्याने ती झडप घालून घेतली. "आक्का चौथ्या खिडकीत!"

एक. दोन. तीन.

काच बंद होती. काचेपलीकडे आक्का होती. केवढीशी झाली होती. खांद्यावरची शाल तेवढी पूर्वीसारखीच नेटकी. तिची नजर फलाट चाळत होती, खांबाशी आली आणि थांबली. तिचे ओठ हलले नाहीत. तिने उजवा हात वर केला आणि दोन बोटे डाव्या मनगटावर आपटली. टकटक. आवाज काचेबाहेर येणे शक्य नव्हते, तरी घड्याळजींना तो ऐकू आला.

काही बोलायला वेळ नव्हता आणि बोलून उपयोगही नव्हता. त्यांनी बाही मागे सारली आणि आपला डावा हात तिच्यासमोर उंच धरला. उघडा. घड्याळाशिवाय. पांढऱ्या पट्ट्याचा.

आक्काने डोळे बारीक करून पाहिले. क्षणभर तिला उमगले नाही. मग उमगले. आणि ती हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, दारात उभी राहून हसायची तसे. हसता हसता तिने त्यांच्याकडे बोट दाखवून शेजारच्या कुणाला तरी काहीतरी सांगितले. मग खिडकी पुढे गेली, तिच्यामागून दुसरी, तिसरी, अनोळखी चेहऱ्यांच्या कितीतरी खिडक्या गेल्या, आणि शेवटी नुसते रूळ राहिले.

घड्याळजी फलाटावरच्या बाकावर बसले. श्वास जागेवर यायला वेळ लागला. उठून बाहेर आले तेव्हा टॅक्सीवाल्या बाई टॅक्सीला टेकून उभ्या होत्या. हातात फळवाल्याने परत दिलेले सुटे आणि एक संत्रे.

"भेटल्या?"

"भेटली."

"बोलणं झालं?"

"झालं."

बाईंनी संत्रे त्यांच्या हातावर ठेवले. "हे नववं. तो म्हणाला, तुम्हीच निवडलं होतंत."

मनोऱ्याच्या सावलीत एक जोडपे सामान खाली टाकून चहा पीत उभे होते. बायको घाईला आली होती. नवरा कपात फुंकर घालत तिला समजावत होता, "अगं, पी सावकाश. हे घड्याळ पाच मिनिटं पुढं असतं. सगळ्या गावाला माहीत आहे."

"पुढं नाही," घड्याळजी म्हणाले. त्यांचा आवाज असा होता की दोघांनी चमकून वर पाहिले. "आता ते बरोबर आहे. पळा."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला माहीत आहे. कप ठेवा आणि पळा!"

ती दोघे पळाली. एक थैली मागे राहिली होती, तिच्यासाठी नवरा परत आला आणि पुन्हा पळाला. ती जिन्याच्या वर दिसेनाशी होईपर्यंत घड्याळजी पाहत राहिले. संत्रे उजव्या मुठीत होते. त्याच हाताची दोन बोटे मुठीतून सुटून डाव्या मनगटावर, त्या पांढऱ्या पट्ट्यावर, हलकेच आपटत होती. ते त्यांच्या ध्यानातही नव्हते.