एकोणतीसची मोटर

मोटरचं रिकामं नळकांडं तिने रॉकेटच्या शेपटाकडून आत सरकवलं आणि रॉकेट कानाशी धरून हलवलं. आत खुळखुळ वाजलं. तिने दचकून आतल्या खोलीकडे पाहिलं. बाबा शर्टाला इस्त्री करत होते आणि शीळ घालत होते. तिने पुन्हा हलवलं, या वेळी शेपटाभोवती तळहात दाबून. तरी वाजलंच.

नळकांड्याच्या भोवती करंगळीचं नख सहज शिरावं एवढी फट होती.

बाबांनी चाळीस वर्षं प्लंबिंग केलं. गेल्या वर्षी शिडीवरून पडून उजवं मनगट मोडलं, तेव्हापासून पाने-पकडींची पेटी पलंगाखाली गेली. मनगट जुळलं, पण कामाला बोलावणारे दुसरीकडे वळले ते वळलेच. महिन्यापूर्वी तिने आपल्या घरून बाबांना फोनवर विचारलं होतं, "रॉकेटमध्ये मोटर बसवायला नळी लागते, तेवढी करून द्याल का? मोटर एकोणतीसची आहे."

त्या दिवसापासून बाबांचे रोज दोन फोन. मोटर पेटल्यावर नळी कशी जळत नाही? मोटर रॉकेटला वर ढकलते, मग ती मागून पडायची भीती कशाला?

"वर पोचल्यावर मोटर पुढच्या बाजूला एक छोटासा बार उडवते," तिने सांगितलं होतं. "त्याने नाकाची टोपी निघते, पॅराशूट बाहेर पडतं. पण तोच धक्का मोटरला मागेही बसतो. घट्ट धरलेली नसली तर मोटरच मागून निसटते आणि पॅराशूट आत राहतं."

"म्हणजे पुढून पण अडवायची, मागून पण."

"हो."

"मग त्यात काय एवढं," बाबा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नव्या शंका घेऊन फोनवर हजर.

काम त्यांनी देखणं केलं होतं. पुढे मोटर टेकायला कडं, मागे जुन्या पंपाच्या स्प्रिंग-पट्टीची क्लिप, जोडांवर गुळगुळीत गोंद. चूक एकच होती, आणि ती लोखंडी पाइपात जन्म घालवलेल्या माणसाखेरीज कोणाच्या हातून झाली नसती. त्यांच्या धंद्यात पाइपाचा आकडा आतल्या भोकाचा. अर्धा इंची पाइप बाहेरून मोजायला जाल तर फसाल, हे त्यांनी किती नवशिक्यांना सांगितलं असेल. एकोणतीस मिलिमीटर ऐकल्यावर त्यांनी आपल्या मनाने मोटरच्या कवचाची जाडी मिळवली आणि बत्तीसची जागा ठेवली. मोटरचा आकडा बाहेरूनच मोजतात, हे त्यांना कोण सांगणार? मोटरी रॉकेट-क्लबच्या कपाटात कुलपात असतात. हे रिकामं नळकांडं तिला कालच मिळालं होतं, आणि नळी तर आठवड्यापूर्वीच रॉकेटमध्ये पक्की चिकटली होती.

दुरुस्ती होती. मध्ये आणखी एक बारीक नळी चिकटवायची. पण गोंद वाळायला एक दिवस हवा, आणि उड्डाण दोन तासांवर आलेलं.

क्लबच्या परीक्षेत हंगामाला तीनच प्रयत्न मिळतात. मोटर रॉकेटसकट परत आली तर पास, आणि पास झाल्याशिवाय मोठ्या रॉकेटांना हात लावता येत नाही. आधीच्या दोन्ही वेळा तिची मोटर वाटेत पडली होती. पहिल्या वेळी तर रॉकेट नाकावर येऊन जमिनीत रुतलं होतं. आजचा प्रयत्न तिसरा.

शीळ थांबली. तिने पर्समधून कागदी चिकटपट्टी काढली आणि नळकांड्याभोवती भराभर वेढे द्यायला लागली. मैदानावर खऱ्या मोटरलाही तेवढेच द्यावे लागणार होते.

"बसली का?" बाबा दारात उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल.

"बसली," ती म्हणाली.

मैदानावर तपासणीच्या टेबलाशी एक वयस्कर मॅडम होत्या. त्यांनी रॉकेट उलटं धरलं, चिमटीत मोटर ओढून पाहिली. हलली नाही.

"क्लिप छान आहे. कोणी केली?"

"बाबांनी."

बाबांनी घसा खाकरला. लग्नाच्या फोटोतही ते एवढे ताठ उभे नव्हते.

"टेप बराच दिसतोय," मॅडम म्हणाल्या.

"टेप?" बाबा पुढे वाकले. "कशाला?"

"सगळेच लावतात, बाबा. सवय असते."

बाबांनी मान डोलावली. पण गप्प बसतील तर ते बाबा कसले. टेबलावर कोणाची तरी जळून गेलेली एकोणतीसची मोटर पडली होती. त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली आणि त्या मोटरच्या तोंडावर आडवी धरली. मग चष्मा पुसून पुन्हा धरली.

"मॅडम, हा आकडा बाहेरून बाहेर असतो?"

"हो. नेहमी."

"आतला नाही?"

"आतलं कोण बघतंय."

बाबांनी रॉकेट हातात घेतलं आणि क्लिपचं टोक अंगठ्याने चाचपलं. टेपमुळे मोटर नळीच्या मधोमध बसली होती, आणि बत्तीसच्या मापाने लावलेलं ते टोक तिच्या कडेला जेमतेम टेकत होतं. ते बराच वेळ तिथेच चाचपत राहिले. तिला वाटलं, आता पेटी पलंगाखालून कायमची जाणार, भंगारात.

"हे रॉकेट आज उडणार नाही," बाबा म्हणाले.

"क्लिप धरेल, बाबा."

"माझ्याकडे बघून काय सांगतेस? मोटरकडे बघून सांग."

तिने मोटरकडे पाहिलं.

"नळी मी केली. माप माझं चुकलंय," बाबा मॅडमना म्हणाले. आवाज शांत होता, पण आजूबाजूच्या दोघा-तिघांनी वळून पाहिलं. "हिचा प्रयत्न जाईल का यात?"

"उडायच्या आधी मागे घेतलं तर जात नाही. पुढच्या महिन्यात या." मॅडमनी वहीत दोन शब्द लिहिले.

मैदानाच्या कडेला बाकावर दोघं बसली. समोर कोणाचं तरी पिवळं रॉकेट सुर्रकन वर गेलं, पॅराशूट उघडलं, टाळ्या वाजल्या. बाबांनी मान वर केली नाही.

"सकाळीच कळलं होतं तुला."

"हो."

"चाळीस वर्षं काम केलं. चुका झाल्या, लोक शिव्या घालायला घरी आले. मी जाऊन नीट करून दिलं. कोणी माझ्या चुकीवर गुपचूप टेप लावला नाही."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आत्ता वाटतंय तेवढं नसतं वाटलं. अगं, म्हाताऱ्याला सांभाळून घेतात तसं घेतलंस तू मला."

तिचे डोळे भरून आले. शेवटचा प्रयत्न आपण पणाला लावायला निघालो होतो, आणि तोही अशा माणसासाठी ज्याने तो कधी मागितला नसता, हे तिला त्या बाकावर कळलं.

"पुढच्या खेपेला चुकलो तर तोंडावर सांगायचं," बाबा म्हणाले.

"सांगेन."

"पुढचं राहू दे. आधी आजचं सांग."

बाबा वाट पाहत होते. घाई नसलेलं गिऱ्हाईक बसतं तसे, हात मांडीवर ठेवून.

"तुमचं चुकलं, बाबा," ती शेवटी म्हणाली. "चांगलं तीन मिलिमीटरनं."

"तीन?" बाबांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "माझ्या हिशेबाने अडीच होतं."

"तीन. मी दोनदा मोजलंय."

"दाखव," बाबा म्हणाले, आणि रॉकेट उलटं करून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवलं.