नऊ पावलांवरचं कपाट

इस्पितळात माझं काम एकच. औषधानेच ज्यांचं बिघडतं, त्यांच्यासाठी चार विभागांचे डॉक्टर एका टेबलाशी आणायचे. म्हणायला समन्वयक; खरं तर दारोदार हात जोडत फिरणारी बाई.

शिंपीकाकांची बायको अशीच आली. कॅन्सरवरच्या नव्या औषधाने गाठ विरली, पण शरीर स्वतःवरच उलटलं. आधी पापण्या मिटू लागल्या, मग गिळवेना. अशा वेळी स्टेरॉइड लगेच द्यावं लागतं, नाहीतर श्वासही बंद पडतो.

"काकू, घाबरू नका," मी म्हटलं.

बोटाने पापणी उचलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "घाबरायचं काय गं? सुईत दोरा ओवता आला म्हणजे झालं. ह्यांच्यावर सोपवला तर संध्याकाळ होईल!"

काका हसले.

दुपारी बैठक झाली. मेंदूवाले म्हणाले, "द्या स्टेरॉइड, आमची हरकत नाही." हृदयवाले म्हणाले, "आमचीही नाही." कॅन्सरवाले मोठे डॉक्टर घड्याळ बघत म्हणाले, "अहो, मग द्या की!" सगळे उठायच्या आत "केसपेपरवर कोण लिहिणार?" असं विचारायची माझी पद्धत. पंधरा वर्षांत कधी चुकवली नव्हती. पण त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी आल्या आल्या सुनावलं होतं, "बाई, शाळेतल्या पोरांसारखी आमची हजेरी घेऊ नका." माझं डोकंच फिरलं. मरा तिकडे, म्हटलं, नाही विचारत. केसपेपरवर "सर्वांचं एकमत" एवढंच लिहिलं, सही ठोकली आणि घरी गेले.

प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने लिहिलं असेल. वॉर्डातल्या सिस्टरने केसपेपर पाहिला. एकमत होतं, डोस नव्हता. तिने फोन केले तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. एक ना धड, भाराभर चिंध्या! सकाळी मी पोचले तेव्हा काकूंचा श्वास बंद पडत चालला होता. नळी घातली, मग कुठे औषध सुरू झालं. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

इस्पितळाच्या अहवालात आलं, "दुर्मीळ गुंतागुंत. समन्वय उत्तम." उत्तम! अंगाची लाही लाही झाली, आणि तरी मी तोंड शिवून बसले.

काका सामान न्यायला आले. "पोरी, आमच्यासाठी तू एकटी धावलीस," म्हणत त्यांनी हात जोडले. तेव्हा मात्र राहवेना.

"काका, औषध इथेच कपाटात होतं. सगळे हो म्हणाले होते. लिहिणार कोण, ते मी विचारलं नाही. रागात होते मी."

त्यांनी जोडलेले हात खाली घेतले. "कुठलं कपाट?"

मी दाखवलं. जन्मभर मापं घेतलेला माणूस तो. रिकाम्या खाटेपासून निघाले, एकेक पाऊल मोजत कपाटापाशी गेले आणि दारावर हात ठेवला.

"नऊ," ते म्हणाले. मग पिशवी उचलली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.