खिळ्यावरचा दांडा

जावईबापूंना नावाने हाक मारणारं गॅरेजात कोणी नव्हतं. सासरे कौतुकाने जावईबापू म्हणायचे, ते ऐकून मेहुणा चेष्टेने म्हणायला लागला, मेहुण्याचं ऐकून गिऱ्हाइकं, आणि शेवटी सुट्या भागांच्या दुकानातला माणूसही पार्सलवर ‘जावईबापू, गॅरेज’ एवढंच लिहू लागला. एकोणीस वर्षांत एकही पार्सल चुकलं नव्हतं.

गॅरेज खाली, घर वर आणि मध्ये सोळा पायऱ्या. सकाळी आठला उतरायच्या, दुपारी जेवायला चढायच्या, पुन्हा उतरायच्या. सासुरवास बाईला झाला तर निदान माहेरी जाऊन सांगता तरी येतो. पुरुषाला झाला तर सांगायची सोय नाही, आणि सासरची माणसं चांगली असली तर मुळीच नाही. आणि ही माणसं चांगली होती, तीच तर पंचाईत. सासरे कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. ते फक्त सगळं आधीच ठरवून ठेवत.

त्या शुक्रवारी मेहुण्याची जीप रॅम्पसमोर उभी होती. मेहुण्याने ती जुनी घेतली, मग चार बोटं उंच करून घेतली, दगडधोंड्यांतून जायला. मग दगडधोंड्यांत राहायचं तर टपावर तंबू, मागे पाण्याची टाकी, खणांचं कपाट, छोटा फ्रीज आणि एकाच्या जागी दोन स्टेपन्या. परिणाम असा, की जीप पुढून वाघ आणि मागून गाभण म्हैस दिसायची. दिवे लावले की रस्ता सोडून झाडांचे शेंडे उजळायचे.

“मागे स्प्रिंगमध्ये एअरबॅग टाका, भाऊजी,” मेहुणा म्हणाला होता.

“एअरबॅग स्टिअरिंगमध्ये असते,” सासरे म्हणाले. “मागे काय, फ्रीज आपटू नये म्हणून?”

“ती वेगळी, बाबा. ही स्प्रिंगच्या पोटात बसते. हवा भरली की स्प्रिंगला आतून टेकू. सामान वाढलं की हवा वाढवायची, उतरलं की कमी करायची.”

“म्हणजे ओझं कमी करायचं नाही, हवा भरायची,” सासरे म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर खूष होऊन काउंटरकडे गेले.

ओझं तेवढंच ठेवून हवा भरायची ही पद्धत जावईबापूंना ओळखीची होती.

एअरबॅगच्या पिशव्या मूळ उंचीच्या गाडीसाठी बनवलेल्या, आणि स्प्रिंग तर उंच. म्हणून जावईबापूंनी दोन जाड नायलॉनच्या चकत्या कातून पिशव्यांखाली बैठक केली होती. वाद झाला तो हवा भरायच्या नळ्यांवरून. मेहुण्याला व्हॉल्व्ह एकच हवा होता.

“एकच नळी, तिला फाटा मारा, दोन्हीकडे हवा. एकदा पंप लावला की काम झालं.”

“गाडी उतारावर कलली, की खालच्या बाजूची हवा वरच्या पिशवीत पळते. ज्याला टेकू हवा त्याचाच टेकू जातो,” जावईबापू म्हणाले. “दोन नळ्या, दोन व्हॉल्व्ह.”

“तुम्ही ना, साध्या गोष्टीचं पुस्तक करता, भाऊजी.”

“गाडी त्याची आहे,” काउंटरवरून सासरे म्हणाले. “एकच ठेवा.”

“बरं,” जावईबापू म्हणाले.

त्यांचं ‘बरं’ दोन प्रकारचं होतं. एक म्हणजे बरं. दुसरं म्हणजे गाडीखाली बघायला कोण येतंय. हे दुसऱ्या प्रकारचं होतं.

बाकी या जीपच्या सहलीतही त्यांची सोय लागलेली होती. बारा दिवस, सगळं घर, आणि मागच्या बाकावर मध्ये भाऊजी. “मेकॅनिक बरोबर असला की काळजी नाही,” असं मेहुणा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. भाऊजींना कोणी विचारलं नव्हतं. मधल्या जागेला कोण विचारतं?

पण त्या शुक्रवारी जावईबापूंचं चित्त नळीत नव्हतं, घड्याळात होतं. दुसऱ्या गावातल्या वाहनदुरुस्तीच्या शाळेत शिक्षकाची जागा निघाली होती. गिअरबॉक्स आणायच्या निमित्ताने ते मुलाखत देऊन आले होते. शुक्रवारी अकरा ते बाराच्या दरम्यान फोन येईल, आणि बारापर्यंत होकार आला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल, असं तिथल्या बाईंनी बजावलं होतं. हे फक्त बायकोला माहीत होतं. ती म्हणाली होती, “हो म्हणून टाका. पण बाबांना तुम्हीच सांगा. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवणार नाही.” मग जावईबापूंनी ठरवलं, आधी हो म्हणायचं, मग सांगायचं. त्या घरात उलट क्रमाने काही सांगितलं, तर ‘हो’पर्यंत पोचताच येत नसे.

त्यांचा फोन काउंटरवर होता. गाडीखाली फोन न्यायचा नाही, हा सासऱ्यांचा नियम. दुसरा नियम याहून कडक होता. जॅकचं काम झालं की त्याचा लांब दांडा काढायचा आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचा. फार पूर्वी सासूबाई चहा घेऊन येताना त्या दांड्याला अडखळल्या आणि मनगट मोडून बसल्या. तेव्हापासून त्या गॅरेजात दांडा जमिनीवर कोणी पाहिला नव्हता. आग लागली असती, तरी आधी दांडा टांगून मगच माणसं पळाली असती.

साडेअकरा झाले होते. डावी पिशवी बसली होती, हवा भरून गळती तपासून झाली होती. उजव्या बाजूचं चाक काढलेलं, गाडीचा सांगाडा दोन स्टँडवर, मागच्या चाकांना जोडणारा अ‍ॅक्सल जॅकवर खाली सोडलेला आणि स्प्रिंग सैल. जावईबापू कुशीवर पडून स्प्रिंगच्या वेटोळ्यांतून हातमोजा घातलेल्या उजव्या हाताची दोन बोटं आत घालून पिशवी सरळ करत होते. तिची नळी आधीच जोडलेली होती. कॉम्प्रेसर धडधडत होता.

मेहुण्याला नुसतं उभं राहणं जमत नसे. त्याने पाहिलं, अ‍ॅक्सल लोंबतोय. त्याला वाटलं, जॅक बसला. मदत म्हणून त्याने दांडा चार वेळा दाबला. अ‍ॅक्सल वर आला, सांगाडा त्या बाजूच्या स्टँडवरून केसभर उचलला गेला, गाडीचं वजन स्प्रिंगवर आलं, आणि वेटोळी जावईबापूंच्या तर्जनी आणि मधल्या बोटावर मिटली.

ते ओरडले, पण कॉम्प्रेसर त्याहून मोठ्याने ओरडत होता. तेवढ्यात काउंटरवर फोन वाजताना मेहुण्याने पाहिला, म्हणजे त्याचा उजेड पाहिला. पठ्ठ्याने दांडा काढला, नेमाने खिळ्याला टांगला आणि फोन घ्यायला गेला.

बोटं मोडली नव्हती. पण ओढली तर कातडं राहील आणि हाड येईल, अशी ती पकड होती. जॅकचा स्क्रू सैल करायला दांडा हवा, आणि दांडा तर खिळ्यावर. जावईबापूंनी पुन्हा ओरडायला श्वास घेतला, आणि नेमका कॉम्प्रेसर टाकी भरून बंद झाला.

गॅरेज एकदम गप्प झालं. मेहुण्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

“कोण हवेत?... नाही हो, या नावाचं इथे कोणी नाही... मॅडम, हे गॅरेज आहे... अहो, भाऊजी! मग असं सांगा ना! आहेत की, गाडीखाली आहेत... कसली जागा?... शिक्षक?”

तोंडाशी आलेली हाक जावईबापूंनी गिळली.

“बाबा, इकडे या. भाऊजींना मास्तरकी लागलीय!”

“कुठे?” सासऱ्यांच्या चपला फरशीवर सरकल्या.

“लांब. बाई म्हणतात, बारापर्यंत हो की नाही सांगा. काय सांगू? फोन धरून आहेत.”

सासरे त्यांच्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, “विचारून कळवतो म्हण.”

मेहुण्याने तसं सांगितलं, फोन ठेवला. “बोलावू त्यांना?”

“कशाला? काम अर्धं आहे. इथे काय कमी आहे त्यांना? बारा वाजून जाऊ देत, मग सांगू. विसरलो म्हणू. आपोआप मिटेल.”

“ताईला माहीत असेल?”

“तिला कळलं असतं तर मला कळलं असतं,” सासरे म्हणाले.

गाडीखाली जावईबापूंच्या कपाळावरचा घाम कानात उतरत होता. आता हाक मारली असती तर दोघं धावत आले असते, यात शंका नाही. दांडा उतरवला असता, बोटं सोडवली असती, सासूबाई मलम घेऊन सोळा पायऱ्या उतरल्या असत्या, बायको रडली असती, दवाखान्यात न्यायला गाडी काढली असती, आणि या सगळ्या प्रेमात बारा वाजून गेले असते. वर पुढची एकोणीस वर्षं प्रत्येक लग्नाकार्यात ‘आम्ही त्यांना जीपखालून काढलं तेव्हा’ ही गोष्ट. उपकाराचं तसंच असतं. करणारा एकदाच करतो, ज्याच्यावर होतो त्याला तो रोज ऐकावा लागतो.

त्यांनी मान वळवली. डाव्या बुटापलीकडे कॉम्प्रेसरचा पाइप पडला होता, तोंडाशी व्हॉल्व्हला लावायचा चाप. डावी पिशवी तपासून तो तिथेच टाकला होता. बुटाच्या टाचेने त्यांनी तो ओढला. एकदा निसटला, दुसऱ्यांदा गुडघ्यापर्यंत आला, मग डाव्या हातात. उजव्या पिशवीच्या नळीचं टोक अजून बंपरला बसवलं नव्हतं, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर लोंबत होतं. वेगळी नळी, वेगळा व्हॉल्व्ह. मेहुण्याचं ऐकून फाटा मारला असता, तर हवा आधी पलीकडच्या मोकळ्या पिशवीत पळाली असती.

चाप लावला. हवा सुटली.

पिशवी स्प्रिंगच्या पोटात फुगायला लागली आणि पहिल्यांदा तिने बोटांनाच आतून दाबलं. जावईबापूंनी दात आवळले. वरून वेटोळं, मागून पिशवी. आयुष्यात इतक्या बाजूंनी प्रेमाने त्यांना कोणीच दाबलं नव्हतं, वरच्या मजल्यावरची मंडळी सोडली तर. मग सांगाडा कुरकुरला. पिशवीने गाडीचं वजन थोडं थोडं आपल्या अंगावर घेतलं, जीप बोटभर वर गेली आणि वेटोळ्यांमध्ये शेंगदाण्याएवढी फट पडली. हातमोजा आत राहिला, हात बाहेर आला.

ते सरपटत बाहेर आले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बाराला आठ मिनिटं होती.

“अरेच्चा, भाऊजी! हात बघू,” मेहुणा म्हणाला.

“आधी फोन.”

“रक्त येतंय हो!”

“येऊ दे. फोन.”

सासऱ्यांचा तळहात फोनवर होता. तो त्यांनी हळूच उचलला. फोन बोटाच्या ठशाने उघडणारा, आणि बोट तर सुजून कारल्यासारखं झालेलं. फोनने जावईबापूंना ओळखलं नाही. त्यांनी डाव्या अंगठ्याने आकडे दाबले, एकदा चुकले, पुन्हा दाबले.

“नमस्कार,” ते म्हणाले, आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

सासऱ्यांनी दरवाज्याकडे पाहिलं. जणू कोणी नवीन गिऱ्हाईक आत आलं होतं.

“हो. माझा होकार आहे. एक तारखेला हजर होतो. नाही, आवाज ठीक आहे, हाताला थोडं लागलंय. आभारी आहे.”

त्यांनी फोन ठेवला. जीपखालून हवेचा बारीक आवाज येत होता. चाप नळीला तसाच अडकलेला होता.

“घरात सांगितलंत?” सासऱ्यांनी विचारलं.

“तिला माहीत आहे.”

“म्हणजे मलाच माहीत नव्हतं.”

“तुम्हाला वीस मिनिटांपूर्वी कळलं, बाबा. मी खालीच होतो.”

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा घातला नाही. मेहुणा छताकडे बघायला लागला, तिथे काही नव्हतं. पण गप्प राहणं त्याच्या रक्तात नाही. क्षणभराने त्याचा चेहरा उजळला.

“शाळेला सुट्ट्या असतात ना, भाऊजी? मोठ्या? मग तर बरंच झालं! इथून कधी निघताच येत नव्हतं तुम्हाला. सहल सुट्टीत ठेवू. आणि बारा दिवसांचे वीस करू!”

जावईबापूंनी त्याच्याकडे पाहिलं. मागचा बाक, मधली जागा, एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला बायको, पाठीशी खणांचं कपाट, वीस दिवस. एका स्प्रिंगमधून हात काढला होता, एवढाच काय तो जमाखर्च.

“बघू,” ते म्हणाले. ‘बरं’ म्हणाले नाहीत, हे फक्त सासऱ्यांच्या लक्षात आलं.

बोटांना फडकं गुंडाळून ते भिंतीपाशी गेले, खिळ्यावरचा दांडा काढला. आधी पिशवीतली हवा सोडली, मग जॅक सैल केला. स्प्रिंग उघडली, हातमोजा टपकन खाली पडला. दोन बोटांच्या जागी तो कागदासारखा सपाट होता. डाव्या हाताने त्यांनी पिशवी सरळ केली, बंपरला व्हॉल्व्ह बसवला. या वेळी मेहुण्याने हात खिशात ठेवले होते.

सासरे बघायला आले. वाकले.

“व्हॉल्व्ह दोन?”

“दोन.”

“एक ठरला होता ना?”

“ठरला होता.”

सासरे सरळ झाले, वळले आणि थबकले. दांडा जमिनीवर होता, जॅकला तसाच लावलेला, वाटेत आडवा. त्यांनी खिळ्याकडे पाहिलं, मग जावयाकडे. जावई नळीला चिमटा लावत होता.

सासऱ्यांनी एका हाताने जीपचा टेकू घेतला, एक पाय उचलला, मग दुसरा, आणि दांडा ओलांडून ते काउंटरकडे गेले.