दोन उत्तरांचं कोडं

पुष्पांजलीला वाटायचं, आपण फार हुशार आहोत. अमडापुरात तिला तसं सांगणारेही बरेच होते, त्यामुळे दोष सगळा तिचा नाही.

तिचा चुलतभाऊ कुलदीप पुण्याला नोकरीला. त्याला एका खेळाचं वेड. कुणीतरी डबा लपवायचा, मोबाईलवर कोडं टाकायचं आणि ज्याला ते सुटेल त्याने डबा शोधायचा. राखीपौर्णिमेला तो गावी आला होता, पण आपल्या घरी येईल की नाही याची तिला खात्री नव्हती. तिचे वडील निवृत्ती आणि त्याचे वडील उत्तमराव हे सख्खे भाऊ, पण शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कित्येक वर्षं त्यांच्यात विस्तव जात नव्हता. यंदा मोजणी झाली, दोन शेतांच्या मधे दगड रोवला गेला आणि नुकता कुठे रामराम सुरू झाला होता. खेळाच्या निमित्ताने तो शेतात येईल, मग आपण पुढे होऊन राखी बांधू, असा तिचा बेत. म्हणून तिने खोट्या नावाने आपल्या शेताचं कोडं टाकलं.

डबा निंबाजवळ, विहिरीजवळ किंवा धुऱ्याच्या दगडाजवळ आहे. निंब म्हणतो, माझ्याजवळ आहे. विहीर म्हणते, माझ्याजवळ नाही. दगड म्हणतो, निंबाजवळ नाही. तिघांपैकी एकच खोटं बोलतो.

डबा तिने निंबाच्या ढोलीत ठेवून वरून साल लावली. उत्तर निंब धरून तपासलं, बरोबर आलं. दगड धरून तपासायची तसदी बाईंनी घेतली नाही.

कुलदीपने घेतली. त्याने निंब चाचपून पाहिला, ढोली दिसली नाही, तेव्हा जुळणारं दुसरं उत्तर एकच उरलं. सोयाबीनमधून वाट काढत तो धुऱ्यावर गेला आणि दगड कलता करून खाली बघू लागला. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीआड लपलेल्या पुष्पांजलीला तेव्हा कुठे स्वतःची चूक कळली.

तेवढ्यात निवृत्ती आला.

"दगड सरकवून राह्यला काय बे?"

तण निंदणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. कुलदीपने मोबाईल पुढे केला. "काका, खेळ हाय हो हा."

"धुऱ्यावर कोणी खेळते काय? तुह्या बापानं शिकवलं तुले."

तिने बाहेर येऊन एक वाक्य बोलायचं होतं. पण त्यात सगळंच आलं असतं: खोटं नाव, चुकलेलं कोडं, आणि ज्या जागेपायी दोन घरं तुटली तिथल्या दगडाला गंमत म्हणून बोलायला लावणं. ती लाजेने खोलीआडच थांबली. त्यातही कोडं चुकल्याची लाज आधी वाटली, भावाची कीव नंतर आली.

उत्तमराव धावत आले. मुलाला त्यांनी काही विचारलं नाही. दगड सरळ केला, माती दाबली, टोपी काढली आणि धाकट्या भावाच्या पायांना हात लावला.

"निवृत्ती, पोरगं चुकलं. म्हणशील तं पुन्हा मोजणी करू. बोलणं तेवढं बंद नको करू."

निवृत्ती चटका बसल्यासारखा मागे सरला. थोरल्याने धाकट्याच्या पाया पडावं, असं त्या घरात कधी झालं नव्हतं.

"बाबा, कोडं माहं हाय." पुष्पांजली आता पुढे आली. "दगडाचं नाव मीच टाकलं. दादा चुकला नाही, मी चुकली."

"तू कवापासून हायस इथं?"

"पहिल्यापासून."

"मंग माहा भाऊ वाकला, तवा काऊन नाही बोलली?"



"जाऊ दे, लेकरू हाय," उत्तमराव म्हणाले. टोपी झटकून त्यांनी डोक्यावर ठेवली आणि घराकडे वळले. कुलदीप तिच्याकडे न बघता त्यांच्या मागे गेला. त्यांना परत आणायला निवृत्ती वळला, पण ज्या पायांना थोरल्याचा हात लागला होता ते काही उचलेनात. पुष्पांजलीला ते बघवेना आणि तिथून हलताही येईना.