चौथ्या कंपनीचे गुण

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. ती कुठल्या शाळेत शिकवत नव्हती, पण गुण देणं हाच तिचा धंदा होता. ग्राहकांसाठी निघणाऱ्या एका मासिकात ती मिक्सर, पंखे, गाद्या असलं काय काय तपासून त्यांना दहापैकी गुण द्यायची. हात आखडता. आठच्या वर कुणाला जाऊ दिलं नव्हतं, आणि त्याचा तिला थोडा तोराही होता.

या खेपेला लॅपटॉप होते. चार कंपन्यांचे चार, साधारण एकाच किमतीचे. टिकाऊपणाचं काम सरळ होतं: वाचकांनी कळवलेले अनुभव, झाकण दिवसभर उघडमीट करणारं यंत्र, कीबोर्डवर मुद्दाम सांडलेला चहा. राहिली ग्राहकसेवा. त्यासाठी ऑफिसच्या तंत्रज्ञाने चारही लॅपटॉपच्या डिस्कमध्ये सारखाच बिघाड करून ठेवला, आणि मास्तरणीने घरून, साधं गिऱ्हाईक म्हणून, चारही ठिकाणी फोन लावायचं ठरलं.

"नुसतं चालू होत नाही म्हणून सांगू नकोस," संपादक म्हणाले. "माणूस अडचणीत असला की हे लोक कसे वागतात ते बघायचंय. जरा गळा काढ."

तिने गळा काढला. पहिल्या कंपनीला सांगितलं, आई गेली, तिचा आवाज या लॅपटॉपमध्ये आहे आणि दुसरीकडे कुठेच नाही. पलीकडच्याने तिला थांबायला सांगून जे संगीत लावलं ते लावलंच. फोन ठेवून ती मागे वळली तर दारात आई उभी.

"मी कधी गेले गं?"

"ऑफिसचं काम आहे, आई."

"असं होय. जाताना चष्मा कुठे ठेवला होता मी? सकाळपासून सापडत नाहीये."

दोघी पोट धरून हसल्या. चष्मा आईच्या डोक्यावरच होता.

दुसऱ्या कंपनीचा माणूस "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" हे वाक्य एका सुरात घोकत राहिला. तिसऱ्याने "बॅकअप घ्यायला हवा होता" असं ऐकवलं. खरं होतं, पण जखमेवर मीठ. मास्तरणीने दोघांचे गुण मांडले आणि चौथा फोन लावला. आता कहाणी तिला तोंडपाठ झाली होती. आवाज कुठे कापरा करायचा, कुठे थांबायचं, सगळं बसलं होतं.

चौथ्या कंपनीत एक बाई बोलत होती. तिने कहाणी शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"मॅडम, एक ऐका," ती म्हणाली. "आता तो परत चालू करून बघू नका. जितकं कराल तितकं आतलं बिघडेल. इकडे पाठवलात तर आमचे लोक डिस्क बदलून देतील, जुनी परत देत नाहीत. पाठवू नका."

"मग मी करू काय?"

"तुमचा नंबर समोर दिसतोय. माझा लिहून घ्या. खरं तर असं देता येत नाही." तिने आवाज खाली आणला. "माझी आई मागच्या वर्षी गेली. तिच्या आवाजातला एकच निरोप आहे माझ्या फोनमध्ये, घरी कधी येतेस विचारलंय. तेवढंच रोज ऐकते. तुमचं काहीतरी करू आपण."

मास्तरणीने नंबर लिहून घेतला, आभार मानले आणि तक्ता पुढे ओढला. अडचण फोनवर सुटली नाही. कंपनीची पद्धत मोडून खाजगी नंबर दिला. स्वतःचं दुःख सांगत बसली. लिहिताना आत काहीतरी टोचलं, पण नियम तो नियम. दहापैकी तीन. चौघांत सगळ्यांत कमी.

दुसऱ्या दिवशी त्या बाईचा फोन आला. बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणारे एक काका तिने शोधले होते. "माझी सुट्टी असेल त्या दिवशी मीही येईन तुमच्याबरोबर. एकटीने नका जाऊ, वाईट वाटतं." मास्तरणीने कामाची सबब सांगितली. पुन्हा फोन आला तेव्हा उचललाच नाही. मग संदेश यायला लागले. धीर सोडू नका, ताई. काका म्हणतात, आशा आहे.

यातला एक संदेश आईने वाचला. फोन टेबलावर पडलेला होता.

"मला मारलंस त्याचं काही नाही," आई म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती. "पण त्या पोरीला सांग मी जिवंत आहे म्हणून."

"आता सांगितलं तर सगळी तपासणीच फुकट जाईल, आई. अंक निघू दे, मग सांगते."

अंक निघाला. चांगला खपला. कहाणीतलं वाक्य न् वाक्य नव्हतं छापलं, पण चौथ्या कंपनीच्या रकान्यात 'कर्मचारी खाजगी नंबर देऊन घरगुती गोष्टी बोलतात' एवढं होतं. संपादकांनी पाठ थोपटली. मास्तरणीचं सांगणं आज-उद्यावर ढकललं जात होतं, तोच त्या बाईचा संदेश आला. मी आता तिथे काम करत नाही, पण काकांशी बोलून ठेवलंय. शनिवारी दुपारी दुकानात या, मीही येते.

मास्तरीण गेली. गल्लीच्या तोंडाशीच अरुंद दुकान होतं, दोन्ही भिंतींना उघडी यंत्रं आणि वायरींची भेंडोळी. स्टुलावर एक बाई बसली होती. वयाने मास्तरणीहून लहान, केस घट्ट बांधलेले. ती लगबगीने उठली आणि तिची नजर मास्तरणीच्या रिकाम्या हातांवर गेली.

"लॅपटॉप नाही आणलात?"

"नाही," मास्तरीण म्हणाली. "तुमची नोकरी कशी गेली?"

"कुठल्याशा मासिकात आलं काहीतरी, कंपनीला तीन गुण दिले म्हणे. त्यावरून त्यांनी जुने फोन ऐकून काढले. जाऊ द्या, नंबर द्यायला नको होता हे मलाही माहीत होतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

घरून निघताना मास्तरणीने बरंच काही जुळवलं होतं: तपासणी कशी असते, गुण कसे देतात, वाचकांचं हित. यातलं एकही वाक्य तोंडाशी आलं नाही.

"ते मासिक माझं आहे," ती म्हणाली. "लिहिलंय मीच. लॅपटॉप आम्हीच बिघडवला होता. आणि माझी आई घरी आहे."

टेबलामागे बसलेल्या काकांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि ते पाठमोरे झाले.

"म्हणजे तुमच्या आई आहेत?" बाईने विचारलं.

"आहे."

"बरं झालं," ती म्हणाली. ते तिने मनापासून म्हटलं, आणि मास्तरणीला वाटलं, त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मग हळूहळू बाईचा चेहरा बदलत गेला. "त्या दिवशी मी घरी जाऊन रडले होते. नवऱ्याला सांगितलं, एका ताईचं असं असं झालंय. हे काका शोधायला तोही माझ्याबरोबर दुकानं पालथी घालत फिरला." ती थांबली. "तीन गुण तुम्ही दिलेत?"

"हो."

"इतरांना?"

"पाच. सहा. सहा."

बाईने मान हलवली आणि पर्स खांद्याला लावली. मास्तरीण म्हणाली, मी कंपनीला लिहीन, तुम्हाला परत घ्यायला सांगेन.

"तुम्ही सांगून त्यांनी घ्यायचं, आणि मी जायचं?" ती म्हणाली. "लिहायचं तर मासिकात लिहा."

सोमवारी मास्तरीण संपादकांपुढे उभी राहिली. त्यांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला, पण ती ढिम्म हलली नाही. शेवटी पुढच्या अंकात मागच्या पानावर खुलासा आला: चारही कंपन्यांत खरा आणि उपयोगी सल्ला चौथ्या कंपनीतल्या एकाच व्यक्तीने दिला होता, गुण देणाऱ्याची चूक झाली. खाली मास्तरणीचं नाव. ऑफिसात तिला मास्तरीण म्हणायचं बंद झालं.

खुलाशाचं पान तिने बाईला पाठवलं. उत्तर आलं ते एका ओळीचं: आईंचा नंबर द्या.

तिने दिला.

आता दर रविवारी आईचा फोन वाजतो. बाईला एका दवाखान्यात नोंदणीचं काम मिळालंय, हेही आईकडूनच कळलं. आई फोन घेऊन आतल्या खोलीत जाते आणि दार लोटून घेते. बराच वेळ बोलणं चालतं. मधेच आई हसते, मधेच नुसतं "हो गं, हो" ऐकू येतं. लेक बाहेर बसून असते. कोणी आत बोलावत नाही, आणि काय बोललात हे विचारायचं तोंड तिला नसतं.